टाचणी गादी शिवत नाही

शनिवार, सकाळी सहा वाजून बावन्न मिनिटं. बाई गाडीत आहे, पण स्टिअरिंगमागे नाही. मागच्या बाकावर एक गुडघा रोवून, मान वाकडी करून, डोकं छताला टेकवून ती मधल्या बेबी सीटचा पट्टा दोन्ही हातांनी ओढते आहे. मग सीट गदागदा हलवून बघते. दोन बोटंभर सरकली. पुन्हा गुडघा, पुन्हा ओढ. आता हलत नाही. तिच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची कातडी सांध्यापाशी सोललेली आहे. ती रोजच सोलवटते, कारण बकलपर्यंत पोचायला दोन सीटांच्या मधे जेमतेम हात जाईल एवढीच फट आहे.

गाडी दोन दारांची, सतरा वर्षं जुनी, आणि इतकी लहान की गल्लीत तिला सगळे 'डबी' म्हणतात. मागच्या बाकाची रुंदी एकशे अठरा सेंटिमीटर. बाईनं ती शिवणाच्या टेपनं तीनदा मोजली आहे. मुलंही तीन. दुकानात मिळणाऱ्या गुबगुबीत बेबी सीटा घेतल्या तर बाकावर दोनच मावतात आणि तिसरं मूल कुणाच्या तरी मांडीवर जातं. हे तिला मंजूर नव्हतं. चार महिने शोधून तिनं अडतीस सेंटिमीटरच्या दोन अरुंद सीटा मिळवल्या आणि थोरल्यासाठी एकेचाळीसची, त्याला उंच करून बसवणारी बैठक. बेरीज एकशे सतरा.

"एक सेंटिमीटर उरतो," ती सांगते. "त्यात हवा खेळते."

कोण कुठे बसणार, हे मुलांच्या हट्टावर ठरत नाही. मधल्या जागेचा पट्टा जुन्या पद्धतीचा, फक्त कमरेवरून जाणारा. थोरला सहा वर्षांचा, त्याला खांद्यावरून येणारा पट्टाच लागतो, म्हणून तो कायम डाव्या खिडकीशी. जुळ्या मुली तीन वर्षांच्या. त्यांच्या सीटांना स्वतःचे पट्टे आहेत, त्यामुळे एक मधे आणि एक ड्रायव्हरच्या मागे. अकरा मिनिटांनी मोठी असलेलीला घरात मोठी म्हणतात, दुसरीला धाकटी. खिडकी दोघींनाही हवी असते. दर सोमवारी अदलाबदल. सोमवार कधी, हे दोघींना बरोबर कळतं. बाकीचे वार अजून कळत नाहीत.

आधी मधली बसते, मग ड्रायव्हरमागची, शेवटी थोरला. क्रम चुकला तर सगळ्यांना उतरवून पहिल्यापासून. प्रत्येकीच्या खांद्यावरचा पट्टा बाई चिमटीत धरून बघते. चिमटीत आला तर सैल, निसटला तर ठीक. थोरला आपलं बकल आपण लावतो आणि "खट् वाजलं" असं जाहीर करतो. ती तरीही ओढून बघते. त्याला हा अपमान वाटतो. वाटू दे, असं तिचं म्हणणं.

सात वाजून एक मिनिटानं डबी निघाली.

बाई अडतीस वर्षांची. गाड्यांच्या सीटांना कव्हरं शिवते. दुकान नवऱ्याच्या मोठ्या भावाचं, म्हणजे तिच्या भाऊजींचं. एका मोठ्या रस्त्याच्या कडेला शटरचं दुकान, मागे पत्र्याची शेड, शेडमधे रेक्झिनचे ताके, फोमचे ठोकळे आणि जाड कामाचं शिलाई मशीन. चौदा वर्षांपूर्वी ती इथे आली तेव्हा तिला बटणसुद्धा धड लावता येत नव्हतं. भाऊजींनी शिकवलं. कोपरा कसा वळवायचा, पायपिंग कसं घालायचं, बैठक दहा वर्षं बसली तरी शिवण उसवू नये म्हणून दोरा किती ताणायचा. टाचणी हे नावही त्यांनीच ठेवलं. अंगानं बारीक, आणि बोलायला लागली की टोचते. तिला ते आवडलं. ट्रकवाले फोनवर तिला टाचणीबाई म्हणूनच विचारतात. तंबू शिवणारा एक कारखाना बंद पडला तेव्हा तिथलं मशीन तिनं स्वतःच्या बचतीतून उचललं. दुकानातली जाड कामं गेली आठ वर्षं त्याच मशीनवर होतात.

मऊ करणं हा या धंद्याचा आत्मा. टणक बाकावर आठ तास बसणाऱ्या माणसाला पाठ दुखू नये, घाम येऊ नये, कड टोचू नये. म्हणून गेल्या वर्षी आणलेल्या बेबी सीटा तिला बघवेनात. पातळ कापड, खाली कडक प्लास्टिक. दोन रविवार बसून तिनं जुळ्यांसाठी दोन गाद्या शिवल्या. दोन इंची फोम, वरून मखमल, कडेला पिवळं पायपिंग, पाठीवर भरतकामाचं एकेक बदक. मुली गादीवर बसल्या की दहा मिनिटांत झोपायच्या. भाऊजींनी बघितल्या आणि एक नमुना दुकानात टांगला. दोन महिन्यांत अकरा गाद्या गेल्या.

मग एका दुपारी पुढच्या टेंपोनं एकदम ब्रेक मारला. बाईनंही मारला. डबी टेंपोपासून हातभर अलीकडे थांबली, कुठे ओरखडाही नाही. मागे वळून बघितलं तर धाकटी सीटवर नव्हती, सीटच्या खाली निम्मी घसरलेली होती. कमरेचा पट्टा बरगड्यांपर्यंत चढलेला, खांद्याचा हनुवटीला अडकलेला. ती रडतही नव्हती. डॉक्टरांनी पोट दाबून बघितलं, मानेवरचा लाल वळ बघितला, आणि काही नाही म्हणून घरी पाठवलं.

सगळ्यांनी काही नाही म्हटलं. बाईनं मात्र दुसऱ्या दिवशी सुट्टी घेतली आणि मुलीला सीटवर बसवून उठवून तास घालवला. गादी ठेवून पट्टा आवळला, चिमटीत येत नव्हता. मग पट्ट्याची लांबी तशीच ठेवून गादी तेवढी काढली आणि पुन्हा बकल लावलं. मुलीचा खांदा आणि पट्टा यांच्यामधे बाईची मूठ गेली. तेव्हा तिला कळलं. पट्टा मुलीला आवळला नव्हता, फोमला आवळला होता. ब्रेक लागल्यावर फोम चपटा झाला आणि मूठभर जागा मोकळी झाली. त्या जागेतून पोर खाली गेली.

चूक टेंपोची नव्हती आणि सीटचीही नव्हती. चूक शिवलेली होती, सरळ टाक्यांची, पिवळ्या पायपिंगची. सीटकव्हर शिवणारीच करू शकेल अशी.

तिनं दोन्ही गाद्या कात्रीनं फाडल्या. पुढच्या पंधरवड्यात ती अकरा घरी गेली. बिलाच्या पुस्तकातून पत्ते काढले आणि दार वाजवून सांगितलं की ही गादी मी शिवली, ती चुकीची आहे, परत द्या. नऊ जणांनी दिली. एक कुटुंब गाव सोडून गेलं होतं. अकराव्या दारात एका गृहस्थांनी तिला उभ्या उभ्याच ऐकवलं की आमचं बाळ त्यात शांत बसतं, तुमच्या डोक्यात काय शिरलंय ते तुमच्यापाशी ठेवा. ती म्हणाली, ठीक आहे, पण आधी एकदा मूठ घालून बघा. त्यांनी दार लावलं.

भाऊजी त्या वेळी गप्प राहिले. टांगलेला नमुना तिनं काढला तेव्हाही. फक्त एवढंच म्हणाले की टाचणीनं टोचायचं ते कापडाला, गिऱ्हाइकाला नाही.

ते गप्प राहण्याचे दिवस तीन आठवड्यांपूर्वी संपले. लहान गाड्या विकणाऱ्या एका शोरूमचा मॅनेजर दुकानात आला. लहान मुलं असलेल्या कुटुंबांना नव्या गाडीबरोबर भेट द्यायला त्याला शंभर गाद्या हव्या होत्या, बेबी सीटवर घालायच्या. मऊ, जाड, शोरूमच्या रंगाच्या. बदक त्यानं कुठेतरी बघितलं होतं आणि त्याला बदकच हवं होतं. दुकानाला चौदा वर्षांत एवढी मोठी ऑर्डर एकरकमी आली नव्हती. भाऊजींनी हो म्हटलं. मखमल आली, फोम कापून आला. बाईनं पहिल्याच दिवशी सांगितलं की ती शिवणार नाही. भाऊजींना वाटलं, दोन दिवसांत खूळ उतरेल. उतरलं नाही. शेवटी त्यांनी स्वतः बसून एक नमुना शिवला, बरा शिवला, आणि मॅनेजरला शनिवारी अकराला पसंतीसाठी बोलावलं. बाईला एवढंच बजावलं: तू शिवू नकोस वाटल्यास, पण तो येईल तेव्हा तोंड उघडू नकोस.

शनिवारी पाळणाघर बंद असतं, नवऱ्याची प्रयोगशाळेत ड्यूटी असते, म्हणून मुलं दुकानात येतात. थोरला कापडाच्या चिंध्यांचे दोर वळतो. जुळ्या फोमच्या ठोकळ्यांवरून उड्या मारतात.

अकराला पाच मिनिटं कमी असताना मॅनेजर आला. इस्त्रीचा शर्ट, हातात दोन फोन. नमुना त्यानं दाबून बघितला, गालाला लावून बघितला, खूष झाला. भाऊजींनी चहा सांगितला. बाई मशीनवर एका ट्रकची बैठक शिवत होती. तिनं टाका संपवला, दोरा कापला, उठली, नमुना मॅनेजरच्या हातातून घेतला आणि म्हणाली, "जरा बाहेर या. एकच मिनिट."

भाऊजींनी तिला थांब म्हटलं. ती थांबली नाही.

बाहेर डबी उभी होती. तिनं गादी ड्रायव्हरमागच्या सीटवर घातली, धाकटीला त्यावर बसवलं, पट्टा आवळला आणि मॅनेजरला चिमटीत धरायला लावलं. पट्टा निसटला. घट्ट आहे ना, तिनं विचारलं. त्यानं हो म्हटलं. मग तिनं बकल सोडलं, मुलीला उचललं, गादी काढली, मुलीला परत बसवलं आणि बकल लावलं. पट्ट्याला मधे हात लावला नाही, हे तिनं त्याला दोनदा बघायला लावलं. धाकटीला आपल्याकडे सगळे बघताहेत हे आवडलं होतं. ती हात वर करून बसली.

"आता मूठ घाला."

मॅनेजरनं आधी बोटं घातली, मग मूठ. त्याची मूठ बाईच्या मुठीपेक्षा मोठी होती. तीही गेली.

"गुदगुल्या," धाकटी म्हणाली.

मॅनेजर सरळ उभा राहिला. त्यानं एक फोन या खिशातून त्या खिशात टाकला. मग हसून म्हणाला की बाजारात अशा गाद्या ढिगानं मिळतात, मोठमोठ्या दुकानांत मिळतात, आणि लोक भेट म्हणून घेतात, कुणी असा हात घालून बघत नाही.

"मी बघितलं होतं," बाई म्हणाली. "आता तुम्हीही बघितलंत."

तो भाऊजींकडे वळला आणि सोमवारी फोन करतो म्हणाला. चहा आला तेव्हा तो गेलेला होता. चहा थोरल्यानं प्यायला.

भाऊजी वाईट माणूस नाहीत, हे बाई स्वतः सांगते. त्यांनी मुलांसमोर आवाज चढवला नाही. मुलांना आत पाठवलं, मग शटरपाशी उभं राहून हिशोबानं बोलले. तुला सुई धरायला मी शिकवलं. दुकान तुझ्या नवऱ्याच्या भावाचं आहे, परक्याचं नाही. तुझं खरं असेलही, पण आपण नाही शिवलं तर दुसरा शिवेल, आठवड्याच्या आत शिवेल, आणि त्या शंभर पोरांना काय फरक पडणार? हा शेवटचा मुद्दा खरा होता, आणि तिला ते माहीत होतं.

"शिवू दे दुसऱ्यानं," ती म्हणाली. "माझ्या मशीनवर नाही."

"मग मशीन घेऊन जा तुझं."

रागात माणूस बोलून जातो आणि समोरच्यानं ते ऐकलं नाही असं करायची घरात पद्धत असते. भाऊजींची तीच अपेक्षा असावी. बाईनं नीट ऐकलं आणि उद्या नेते म्हणाली.

घरी नवऱ्यानं सगळं ऐकून घेतलं. तो रक्त तपासणारा माणूस, अहवालाबाहेर बोलायची त्याला सवय नाही. चौदा वर्षांची जागा, घरचं दुकान, सणासुदीला एका ताटात जेवणारी दोन घरं, हे त्यानं एकेक करून मांडलं. तिनं एकालाही नाही म्हटलं नाही. सगळं खरं आहे म्हणाली. शेवटी त्यानं विचारलं, "पण दादाला मी काय सांगू?"

"काही सांगू नका. मशीनची दुसरी बाजू धरा."

जागेचं तिनं शनिवारीच दुपारी बघून टाकलं होतं. रेल्वे फाटकापलीकडे एक स्प्रे पेंटर आहे, गाड्या रंगवतो. त्याच्या शेडमागे पाच बाय तीन मीटरची खोली रिकामी होती. रंगाचा वास येतो, पण खिडकी आहे आणि दाराशी गाडी लागते. पेंटरची एकच अट होती, रंग वाळत असताना धूळ उडवायची नाही. बाईची एकच होती, सकाळी पावणेआठला चावी हातात पाहिजे. दोघांनी मान्य केलं.

रविवारी दुकान बंद असतं. भाऊजींनी स्वतः येऊन शटर उघडलं आणि हाताची घडी घालून बाजूला उभे राहिले. पेंटरनं हातगाडी पाठवली होती. तिच्यावर मशीनचं टेबल, मोटर, फोमची कात्री, साच्यांचं पुठ्ठ्याचं बाड. मशीनचं वरचं धूड तेवढं राहिलं. ते तेहतीस किलोचं, बिडाचं, आणि रस्त्याला खड्डे. हातगाडीच्या भरवशावर ते सोडायला ती तयार नव्हती.

"मग गाडीत घाल," भाऊजी म्हणाले. कालच्या भांडणानंतर ते तिच्याशी प्रथमच बोलत होते. "एक सीट काढ मागची. टेबलसुद्धा मावेल. दहा मिनिटांचा तर रस्ता."

मुलं तिन्ही गाडीत बसलेली होती, बांधलेली. बाईनं मागे बघितलं.

"काढायची तर कुठली काढू, भाऊजी?"

त्यांनी तीन मुलांकडे बघितलं. थोरल्यानं त्यांना हात केला. त्यांनीही केला. मग ते आत गेले आणि ट्रकच्या गाठोड्यांना बांधायचा जाड पट्टा घेऊन आले.

मशीन पुढच्या सीटवर आडवं ठेवलं. एका बाजूनं नवऱ्यानं उचललं होतं, दुसऱ्या बाजूनं तिनं. गाडीचा पट्टा तिनं मशीनच्या मानेखालून ओवला आणि बकल लावलं. भाऊजींनी आणलेला पट्टा त्यावरून सीटच्या पाठीभोवती दोनदा फिरवला. गाठ भाऊजींनी मारली. गाठ त्यांची चांगली असते. तिनं मशीन धरून हलवलं. हललं नाही. थोरल्यानं मागून विचारलं, खट् वाजलं का. वाजलं म्हणून तिनं सांगितलं.

"हट्टी आहेस," भाऊजी म्हणाले.

"तुम्हीच नाव ठेवलंत."

ते हसले नाहीत. ऑर्डरबद्दल त्यांनी काही सांगितलं नाही, तिनंही विचारलं नाही. मखमलीचा ताका शेडमधे तसाच उभा होता, नमुन्यापुरताच उलगडलेला. कापलेला फोम त्याच्या शेजारी. बाई गेल्यावर तो कोण शिवणार, हे अजून ठरलेलं नाही. भाऊजींची नजर अधू होत चालली आहे आणि एक नमुना शिवायला त्यांना पूर्ण दिवस लागला होता. शोरूमचा मॅनेजर दुसरा शिवणारा शोधेल हे बहुतेक नक्की. बाईला विचारलं तर ती खांदे उडवते. शंभर पोरांचं ती काही करू शकत नाही, असं ती म्हणत नाही. नव्या खोलीच्या दारावर तिनं पुठ्ठ्याची पाटी लावली आहे, खडूनं लिहिलेली: मुलांची सीट घट्ट बसली का, बघून मिळेल. गादी काढून मिळेल. शिवून मिळणार नाही. पेंटरनं वाचून विचारलं की धंदा करायचा आहे की भांडण. तिनं सांगितलं, खोली पाच बाय तीनची आहे, दोन्ही मावेल.

डबी निघाली तेव्हा तिच्यात पाच पट्टे लागलेले होते. नवरा हातगाडीबरोबर चालत मागून आला आणि फाटकापाशी तिला गाठून पुढे गेला, कारण फाटक बंद होतं आणि ती पलीकडे जाणाऱ्या मालगाडीचे डबे मोजणाऱ्या दोन मुलींसह रांगेत उभी होती. मोठीच्या मते ते शंभर होते. धाकटीच्या मते तीन.

दुपारपर्यंत मशीन टेबलावर चढलं. तिनं तेल घातलं, मोटरचा पट्टा चढवला आणि रेक्झिनच्या तुकड्यावर एक सरळ शिवण मारून बघितली. टाका ठीक होता. शाळेची छोटी बस चालवणारा एक ड्रायव्हर पेंटरकडे रंगाचं विचारायला आला होता. त्यानं पाटी वाचली आणि बसमधल्या सीटांचं विचारलं. अठरा सीटा आहेत, कव्हरं फाटली आहेत, चार सीटांना पट्टेच नाहीत. तिनं सांगितलं, पट्टे आधी, कव्हर नंतर. त्यानं कुरकुर केली आणि सोमवारी बस घेऊन येतो म्हणाला.

उद्या सोमवार. जुळ्यांची अदलाबदल आहे, धाकटी मधे येणार आणि त्यावर भांडण होणार, त्याला चार मिनिटं धरली आहेत. शाळा आणि पाळणाघर फाटकाच्या अलीकडे, खोली पलीकडे. सकाळची पॅसेंजर गाडी सात एक्केचाळीसला जाते, फाटक सात छत्तीसला पडतं आणि उघडायला कधी कधी पंधरा मिनिटं लागतात. म्हणून उद्यापासून डबी घरून पावणेसातला निघेल.